भावाचा जलघात

आमच्या माहेरी एक गोष्ट सांगतात. लग्नकार्यात, बारशाला, चार माणसं जेवून सुपारी कातरत बसली की कुणीतरी ती काढतंच. गोष्ट अशी, की लहानपणी मी सोलापूरच्या तळ्यात पडले आणि माझ्या थोरल्या भावानं, श्रीपतीनं, उडी टाकून मला वर काढलं. ऐकून पोरंटोरं भिंतीवरच्या त्याच्या हार घातलेल्या फोटोकडं कौतुकानं बघतात, सुना हात जोडतात, आणि मी तिथं असले तर सगळे माझ्याकडं वळतात, की आता ही डोळ्याला पदर लावणार. मी लावत नाही. म्हणून मला नावंही ठेवतात. म्हातारी कोरडी आहे म्हणतात. तर ती गोष्ट साफ खोटी आहे. ज्यांच्या अब्रूसाठी मी गप्प बसायचं होतं ते सगळे आता गेले, नातीनं कागद आणून दिलेत आणि डोळे अजून साथ देतायत, म्हणून लिहून ठेवते. राग शांत झाल्यावर लिहावं असं आमचे जावई म्हणाले. तेवढी वाट बघत बसले तर लिहून व्हायचंच नाही.

आमचं घर नातेपुत्याच्या बाहेर, मळ्यात. ज्वारी, भुईमूग, थोडं माळवं. बाजाराच्या दिवशी आबा, म्हणजे आमचे वडील, वांगी-मिरच्यांच्या पाट्या घेऊन गावात जायचे आणि येताना आम्हाला शेवचिवडा आणायचे. श्रीपतीच्या आधी आईची मुलं जगली नव्हती. त्यामुळं तो जन्मल्यावर आबांनी जोशीबुवांकडून त्याची पत्रिका करून घेतली आणि जोशीबुवांनी सांगितलं, पोराला जलघात आहे, पाण्यापासून जपा. झालं. तेव्हापासून श्रीपतीला विहिरीच्या काठाला जाऊ दिलं नाही. ओढ्याला पूर आला तर सगळं गाव बघायला जायचं आणि हा घरात आईजवळ. अंघोळसुद्धा त्याला आई घालायची, तांब्यानं, मोजून मापून, पोराला मिसरूड फुटायला आलं तरी. माझी पत्रिका कुणी केली नाही. मुलीची कशाला करायची? कुठल्या वारी जन्मले हेही आईला नीट आठवत नव्हतं, नुसतं 'भुईमूग काढत होते तवा' एवढंच सांगायची. आईबापांच्या बऱ्याच हयगयींचा मला राग आहे, पण ह्या एका हयगयीचे मी उपकार मानते, कारण तिच्यामुळं मला पोहता आलं.

शिकवलं माझ्या आज्जानं, आईच्या बापानं. उन्हाळ्यात तो आमच्याकडं राहायला यायचा. मी अगदी लहान असताना एका दुपारी त्यानं माझ्या पाठीला वाळके भोपळे बांधले आणि मळ्यातल्या विहिरीत मला सोडून दिलं. मी बोंब मारली, तसा पायरीवर बसून बिडी ओढत म्हणाला, वरडू नगंस, पाय हालव. पुढच्या उन्हाळ्यात भोपळे सुटले. मग मात्र मला विहिरीतून बाहेर काढणं आईला जड जायला लागलं. वरचं पाणी उन्हानं कोमट असायचं आणि पाय खाली सोडले की थंडगार. कपारीतले पारवे घुमायचे, मोट वर जाताना तिच्यातून सांडलेलं पाणी अंगावर यायचं, आणि डोकं पाण्याखाली घेतलं की आईच्या हाका एकदम लांब जायच्या. ते मला सगळ्यांत आवडायचं. श्रीपती तिकडं लिंबाखाली बसून असायचा, त्याच्या पुढं यायची त्याला मनाई. वर आल्यावर विचारायचा, तळाला काय असतं गं? मी काहीही सांगायचे. तेव्हा मला त्याची दया यायची. आता येत नाही.

माझं लग्न ठरलं ते होटगीला. नवऱ्या मुलाचे वडील रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते, राहायला रेल्वेची खोली, दर महिन्याला पगार. आबांना ह्या सोयरिकीचं इतकं अप्रूप, की बाजारात अनोळखी माणसालाही ते सांगून यायचे. नवरीचं लुगडं सोलापुरात घ्यायचं ठरलं. भवानी पेठेत माझी अंबूमावशी राहायची, तिचा नवरा गिरणीत होता, आणि तिच्या शेजारी नरसय्या नावाचा तेलुगू विणकर. त्याच्या मागावरचंच लुगडं थेट घ्यायचं, होटगीची मंडळीही त्याच दिवशी येणार, दोन्हीकडच्यांनी पसंत करून टाकायचं, असा बेत. घरी म्हशी होत्या म्हणून आई मागं राहिली. आबा, श्रीपती आणि मी बैलगाडी, मोटार आणि मग आगगाडी असं करत सोलापूरला पोचलो. मी आगगाडी पहिल्यांदाच बघत होते. श्रीपतीही, पण तो सारखा मला समजावून सांगत होता.

मावशीनं पत्र घातलं होतं, की आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खटखटाट, माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. आम्ही सकाळी उठून बघतो तर गल्ली चिडीचूप. नुसता गिरणीचा भोंगा झाला आणि पुन्हा सगळं गप्प. आबा उत्साहानं नरसय्याच्या दारात गेले. तो ओट्यावर दात घासत बसला होता. म्हणाला, अवस हाय आज, माग बंद. आबांनी हुज्जत घातली. आमच्या जोशीबुवांनी अवस दिवस मावळल्यावर लागते असं सांगितलं होतं आणि त्या हिशेबानं आबांनी दिवसा खरेदी उरकायचं ठरवलं होतं. बैल जुंपायचे की नाही हे आम्ही घटका बघून ठरवणारी माणसं; विणकरांत अवसेचा आख्खा दिवस सुट्टीचा असतो, लुगडं पुरं झालेलं असलं तरी त्या दिवशी मागावरून कापत नाहीत, हे आबांच्या गावीही नव्हतं. नरसय्यानं ते लुगडं लांबून दाखवलं. मागावर ताणलेलं, वर कापड झाकलेलं; त्यानं कापडाचा कोपरा उचलला आणि हिरव्या रंगाची एक पट्टी दिसली. हात लावू दिला नाही. आबांचा चेहरा उतरला. व्याही दुपारच्या गाडीनं यायचे होते आणि त्यांना दाखवायला काहीच नव्हतं.

मावशी धीराची. तिनं म्हटलं, त्यात काय, आज देवदर्शन आणि उद्या लुगडं. आबांनी टेसनावर जाऊन व्याह्यांना घ्यावं आणि सरळ सिद्धेश्वराच्या देवळात यावं, ती आम्हा दोघांना घेऊन पुढं जाईल, आणि तळ्याकाठी बसून सगळे मिळून जेवतील. बोलता बोलता तिनं फडक्यात कडक भाकरी बांधल्या, शेंगांची चटणी, कांदे, आणि मडक्यात विरजलेलं घट्ट दही. तिच्या हातची ती चटणी! उखळात शेंगदाणे तेल सुटेपर्यंत कुटायची, लाल झणझणीत, आणि भाकरी इतकी कडक की मोडताना आवाज व्हायचा. होटगीला आयुष्य काढलं, दर जेवणात ती चटणी खाल्ली, पण अंबूमावशीच्या चटणीची सर कुणाच्या हाताला आली नाही. हेही लिहून ठेवते, नाहीतर तिच्याबद्दल नुसतं वाईटच लिहिलं असं होईल.

तळं बघितलं आणि मी खुळ्यासारखी उभीच राहिले. आजपर्यंत मी पाणी बघितलं होतं ते वरून, खोल खड्ड्यात. हे पाणी समोर पसरलेलं होतं, सपाट, एका बाजूला किल्ल्याची भिंत त्यात उतरलेली, मध्ये देऊळ, आणि कुठंही कठडा नाही. विहिरीत उतरायचं तसं त्यात उतरायचं नव्हतंच, नुसतं चालत जायचं. दर्शन घेऊन आम्ही पायऱ्यांवर बसलो. मावशी सावली बघून भाकरीच्या गाठोड्याजवळ टेकली आणि तिला डुलकी लागली. खालच्या पायरीवर एक म्हातारी कपडे धूत होती, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. कानडी-मराठी मिसळून ती माझ्याशी बोलत होती, कुठली, कुणाची, लग्न झालं का. आबांनी निघताना श्रीपतीच्या हातात चुरमुऱ्यांची पुडी दिली होती. तो पाण्यात चुरमुरे टाकायला लागला आणि मासे आले. बोटाएवढे, हाताएवढे, तोंडं वर काढून. श्रीपती हरखला. जन्मात पहिल्यांदा तो पाण्याच्या इतक्या जवळ गेला होता आणि त्याला मागं ओढायला आई नव्हती. मी त्याला म्हटलं, दादा, खालची पायरी शेवाळलीय. तो म्हणाला, मला कळतंय की. आणि गेला.

त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पायरी संपल्यावर तिथं एकदम खोल होतं. पाण्यावर चुरमुरे तरंगत होते आणि त्यांच्यामध्ये त्याचा एक हात वर आला, परत गेला. मी पदर कमरेला खोचल्याचं मला आठवतं, बाकी काही विचार केल्याचं आठवत नाही. पाणी हिरवं होतं, डोळे उघडून काही दिसेना. त्याचं डोकं हाताला लागलं. आज्जानं सांगून ठेवलं होतं, बुडत्याच्या पुढून जाऊ नये, तो मिठी मारून तुम्हालाही नेतो. मागून जायचं आणि केस धरायचे. श्रीपतीला शेंडी होती. मी ती मुठीत पकडली आणि पाय मारायला लागले. तो हात फिरवत होता, एक हात माझ्या कानशिलावर बसला, दिवसभर कान घुमत होता माझा. दोनदा आम्ही खाली गेलो. मग पायरी पायाला लागली, त्या म्हातारीनं वरून माझं मनगट धरलं, आणि आम्ही दोघं पायऱ्यांवर आलो. तो ओकत होता. मी धापा टाकत होते, पण मला सांगायला लाज वाटत नाही, की मला अतिशय आनंद झाला होता. मी इतक्या मोठ्या पाण्यात गेले होते आणि माझ्या भावाला घेऊन वर आले होते.

तो आनंद किती वेळ टिकला ते सांगते. गर्दी जमली. मावशी किंचाळत खाली आली, श्रीपती जिवंत आहे हे बघितलं, आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं. लुगडं मांडीपर्यंत चढलेलं, पदर कमरेला, केस सुटलेले, भोवती परके बाप्ये. आणि तिनं पायऱ्यांच्या वर बघितलं. तिथून आबा येत होते आणि त्यांच्याबरोबर होटगीच्या व्याह्यांचा लाल पटका. कुणीतरी विचारलं, कोण पडलं, बाई? मावशीनं एका श्वासाचाही उशीर केला नाही.

"पोरगी पडली," ती म्हणाली. "पोरानं उडी टाकून काडली."

मी तोंड उघडलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं आणि कानात म्हणाली, "नीज. डोळं मीट. तुझं सासरं आल्यात."

मी निजले. ह्याचा मला अजून राग येतो, की मी निजले. तेरा-चौदा वर्षांची पोर, वरून बाप आणि सासरा येतायत, दुसरं काय करणार होते, हे मला कळतं. तरी राग येतो. माझ्या अंगावर मावशीनं आपला पदर टाकला. मग गर्दीतल्या शहाण्यांनी ठरवलं, की पोरीच्या पोटातलं पाणी काढलं पाहिजे. कुणीतरी घागर आणली, ती पालथी घातली, तिच्यावर मला पोटावर टाकलं आणि गदगदा हलवलं. माझ्या पोटात थेंबभर पाणी नव्हतं. ज्याच्या पोटात होतं तो बाजूला बसून पायऱ्यांवर ओकत होता आणि लोक म्हणत होते, दमलं बिचारं पोरगं. घागरीचा काठ माझ्या बरगड्यांत रुतत होता. तेवढ्यात ती कपडे धुणारी म्हातारी पुढं आली. मला तिचं बोलणं घागरीवरून ऐकू आलं.

"ई हुडुगीनं काडलं की त्याला," ती म्हणाली. हुडुगी म्हणजे मुलगी. "मी हितंच हुते. मी बगितलं."

"बाई, तुमास्नी नीट दिसलं न्हाय," मावशी म्हणाली.

"दिसलं की. डोळं हायत मला."

पण तोवर आबा पोचले होते आणि मावशी त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागली होती. म्हातारीनं धुण्याचे पिळे घागरीसारखे डोक्यावर घेतले आणि ती निघून गेली. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. ह्या सगळ्या वर्षांत खरं बोलणारी ती एकच भेटली, आणि ती आमच्या नात्यातली नव्हती.

त्या दिवशी तळ्याकाठी जेवण झालं नाही. मला टांग्यात घालून भवानी पेठेत आणलं. मागांची गल्ली तशीच गप्प होती, त्यामुळं ओट्यावरचं बोलणं आत मला स्पष्ट ऐकू येत होतं. व्याही म्हणाले, पोरगा वाघ हाय तुमचा. आबा म्हणाले, व्हय की. आबांना ठाऊक होतं. श्रीपतीला अंघोळीचा तांब्यासुद्धा आई भरून द्यायची, हे त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? पण ते पुढं बोलत गेले, खोटं एकदा सुरू झालं की माणसाला त्यात रंग भरावासा वाटतो. आणि मी दाराआडून माझ्या कानांनी ऐकलं, की आबांनी सांगितलं, पोरीला पत्रिकेत जलघात होता, जोशीबुवांनी सांगूनच ठेवलं होतं, आज टळला बघा. ज्या पोरीची पत्रिकाच केली नव्हती तिला जलघात. भावाचा घात त्यांनी उचलला आणि माझ्या गळ्यात बांधला, व्याह्यांसमोर, सुपारी खात खात. व्याह्यांनी खूश होऊन आपला लाल पटका श्रीपतीच्या डोक्याला बांधला. भाऊ असावा तर असा, म्हणाले. श्रीपतीनं मान खाली घातली आणि लोकांना तो विनय वाटला.

व्याही गेल्यावर मी आबांसमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले. म्हटलं, आबा, मी काडलं त्याला. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "चार बाप्यांत मांड्या उघड्या टाकून पवलीस, हे त्यास्नी कळलं तर सोयरीक मोडंल. लगीन व्हईस्तवर गप ऱ्हा. मग मी सवता सांगतो."

"सगळ्यास्नी?"

"सगळ्यास्नी."

दुसऱ्या दिवशी गल्ली पहाटेपासून खटखटायला लागली. नरसय्यानं लुगडं मागावरून कापून दिलं, हिरवं, लाल काठांचं. त्यानं ते माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि मावशी म्हणाली, घाबरलीय अजून पोर. परतीच्या आगगाडीत आबांना झोप लागली तसा श्रीपती माझ्याजवळ सरकला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. त्यानं विचारलं, शेंडी का धरलीस? पुढून का आली नाहीस? खाली दिसत होतं का काही? मी त्याला सगळं सांगितलं, आज्जाचं शिकवणं, हिरवं पाणी, दोनदा खाली जाणं. तो फार लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, मी आईला खरं सांगतो. घरी गेल्यावर आईनं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आबांनी सोलापूरची तीच खोटी गोष्ट सांगितली, कारण शेजारच्या बायका जमल्या होत्या. आणि आई श्रीपतीकडं बघत राहिली. तिला एका क्षणात कळलं असणार. तिनं विचारलं, व्हय रं? तो म्हणाला, व्हय.

मग लग्न झालं आणि आबांनी कुणालाही काही सांगितलं नाही. मी पहिल्या पंचमीला माहेरी आले तेव्हा आठवण केली. म्हणाले, आता मिटलेलं कशाला उकरतीस, भावाची अब्रू जाईल. पुढं ते वारले, न सांगता. जलघात मात्र माझ्याबरोबर होटगीला आला. सासूबाई भल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की हिला पाण्याला पाठवायचं नाही. विहिरीवर जायच्या त्या माझ्या दोन्ही जावा, भर उन्हात, डोक्यावर दोन-दोन घागरी; आणि मी घरात भाकरी थापायची. जावांनी मला कधी माफ केलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. उन्हाळ्यात गावातली पोरं विहिरीत उड्या टाकायची, त्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. मी परातीत पीठ मळत असायचे आणि पाय आपोआप हालायचे माझे. माझ्या पोरांना पोहायला शिकवायची वेळ आली तेव्हा शेजारच्याला बोलावलं. मी काठावरही जायचं नाही. तो शिकवत होता ते चुकीचं होतं, नुसते हात मारायला लावत होता, हे मला घरात बसून पोरांच्या सांगण्यावरून कळत होतं. नवऱ्याला मी एकदाच खरं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. पण तो हसला. तू? म्हणाला. आणि इतका वेळ हसत राहिला, की मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

आणि दर दिवाळीला भाऊबीज. श्रीपती पाटावर बसायचा आणि मी ओवाळायचे. एरवीच्या बहिणींनी नुसतं ओवाळायचं असतं, मी मात्र जीव वाचवल्याबद्दल ओवाळतेय असं सगळ्यांनी धरलेलं. भावजय तर मला आठवण करून द्यायची, वाकून नमस्कार करा की. मी करायचे. पहिली काही वर्षं श्रीपती माझ्या डोळ्याला डोळा देत नसे. मग द्यायला लागला.

आम्ही दोघं म्हातारी झालो तेव्हाची भाऊबीज. नातेपुत्याच्या मळ्यातच, अंगणात पाट मांडलेला, रांगोळी, मी ताट घेऊन उभी. नातवंडांनी गोष्ट मागितली आणि श्रीपतीनं सुरू केली. ह्याआधी तो दोन वाक्यांत आटपायचा. त्या दिवशी त्याला भर आला होता. पाणी हिरवं होतं, म्हणाला, डोळं उघडून दिसंना. बुडत्याच्या पुढनं जायचं नसतं, तो मिठी मारतो; मी मागनं गेलो आणि हिची वेणी धरली. दोनदा आमी खाली गेलो. आगगाडीत मी सांगितलेलं एकेक वाक्य. आणि त्याचे डोळे भरून आले. मी त्याच्याकडं बघत होते. तो ढोंग करत नव्हता. त्याला ते खरंच आठवत होतं. माझ्या अंगाची आग आग झाली. खोटं बोलणाऱ्या भावाला मी इतकी वर्षं ओवाळलं होतं, कारण निदान त्याच्या मनात तरी खरं शिल्लक आहे असं मी धरून चालले होते. आता ते कुठंच शिल्लक नव्हतं.

मी ताट खाली ठेवलं आणि विहिरीकडं निघाले. कुणाला काही कळेना. भावजय म्हणाली, वन्सं, कुटं? पाऊसकाळ चांगला झालेला, पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. मोट गेली होती, इंजिन आलं होतं, पण कपारीत पारवे होते. मी पदर कमरेला खोचला आणि पायरीवरून पाण्यात गेले. वर एकच आरडाओरडा झाला. मी डोकं खाली घेतलं आणि तो आरडाओरडा लांब गेला, अगदी तसाच. हात दुखत होते, दम पुरत नव्हता, पण पायांना सगळं ठाऊक होतं. मी मध्यावर जाऊन उताणी पडले आणि वर बघितलं. काठावर डोकीच डोकी. श्रीपतीचा थोरला नातू सदरा काढून उडी टाकायला निघाला होता.

"तू न्हाय," मी खालून म्हटलं. "त्याला यिऊ द्या."

श्रीपती पायऱ्या उतरत आला होता. तिला जलघात हाय रं, काडा तिला, असं पोरांना ओरडून सांगत होता, आणि खरोखर रडत होता. मी पाय हालवत तिथंच तरंगत राहिले.

"दादा," मी म्हटलं, "ये की. काड मला."

तो शेवटच्या कोरड्या पायरीवर आला. खालच्या पायरीवर पाणी हलत होतं. त्यानं एक पाय पुढं केला, तळव्याला पाणी लागलं, आणि तो चटकन मागं घेतला. तसाच उभा राहिला. मग तो पायरीवर बसला आणि त्याचं रडणं थांबलं. तो माझ्याकडं असं बघायला लागला, जसा लहानपणी लिंबाखालून बघायचा. त्याला आठवलं होतं.

मी माझी मी बाहेर आले. ओल्या लुगड्यानं अंगणात गेले आणि श्रीपतीसाठी मांडलेल्या पाटावर बसले. खाली पाणी ठिबकत होतं, रांगोळी पुसली जात होती, भावजयीनं तोंडाला पदर लावला होता. श्रीपती मागून हळूहळू आला. निरांजन अजून तेवत होतं. मी त्याला म्हटलं, आता तू ओवाळ. त्यानं ताट उचललं आणि सगळ्या घरादारासमोर मला ओवाळलं. त्यानं पुरतं ओवाळलं, आणि वाकून नमस्कार केला.

पुढं काही वर्षांनी तो गेला. तेराव्याला जेवणं उठल्यावर पुतण्यानं गोष्ट काढली, सोलापूरच्या तळ्याची, जुनीच. त्या भाऊबीजेला हाच पुतण्या अंगणात उभा होता. भाऊबीजेची ती गोष्ट मात्र आमच्या माहेरी कुणी सांगत नाही.